चंद्राचं स्टिकर

१

कपाट उघडलं आणि मुख्याध्यापकांचा चेहरा असा पडला, की आत जे असायला हवं होतं ते नाही हे गाळणीबाईंना न विचारताच कळलं.

"सकाळी होतं," मुख्याध्यापक म्हणाले. "प्रार्थनेच्या आधी मी स्वतः बघितलं. दोन्ही होते."

आता एकच होता. मुठीत मावेल एवढा काळा रेकॉर्डर, पाठीवर सूर्याचं पिवळं स्टिकर. त्याच्या शेजारचा, चंद्राच्या स्टिकरचा, गायब झाला होता. कुलूप शाबूत होतं, आणि त्याची किल्ली नेहमीप्रमाणे नकाशामागच्या खिळ्याला लटकत होती. ती तिथे असते हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. गाळणीबाईंनी हे ऐकून नुसती मान हलवली. सरकारी कुलपांची अब्रू त्यांना नवीन नव्हती.

गाळणीबाई पोलीस नव्हत्या. सरकारी शाळा सुधारायच्या म्हणून जे संशोधन चालतं, त्याच्या अनुदानावर देखरेख ठेवणाऱ्या त्या अधिकारी. आलेला प्रत्येक अहवाल त्या अशा गाळून घेत की चोथा वर राहायचाच, म्हणून खात्यात हे नाव पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

या शाळेचं प्रकरण तसं साधं होतं. तिसरीच्या दोन तुकड्या. चिठ्ठी टाकली. अ तुकडीला वाचन नव्या पद्धतीने शिकवायचं, ब तुकडीला पूर्वीसारखंच. वर्षाच्या शेवटी बाहेरचा परीक्षक येणार, प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लावणार आणि ते वाचन रेकॉर्ड होणार. कोणती तुकडी कोणती हे परीक्षकाला कळू नये, म्हणून तुकडीचं नाव न लिहिता एका रेकॉर्डरवर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र. अ पुढे गेली तर पद्धत चांगली, अनुदान चालू. नाहीतर बंद. फक्त एक अट कडक होती. नवी पद्धत ब तुकडीत शिरता कामा नये. दोन्हीकडे एकच शिकवलं तर तुलना कशाची करणार?

परीक्षा गेल्या आठवड्यात झाली होती आणि निकाल भलताच लागला होता. दोन्ही तुकड्या सारख्याच छान वाचत होत्या. म्हणूनच आज दुपारी समिती येऊन दोन्ही रेकॉर्डर ऐकणार होती.

"चंद्र म्हणजे कोणती तुकडी?" गाळणीबाईंनी विचारलं.

"अ. नव्या पद्धतीची." मुख्याध्यापकांनी टेबलाचा खण ओढून एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "आणि अ तुकडीचा पुरावा कुणाच्या डोळ्यांत खुपत होता, हे मी सांगायला नको. समिती आली की मी यावर सही घेणार."

ते निलंबनाचं पत्र होतं. ब तुकडीच्या बाईंचं. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम एक सत्र उरलं होतं.

"चोरी होऊन तास झाला नाही, आणि पत्र टाईपसुद्धा झालं?" गाळणीबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी पेपरवेट उगाचच सरळ केला.

२

"त्या बाई पहिल्या दिवसापासून या योजनेच्या विरोधात आहेत," मुख्याध्यापक सांगत होते. "भर बैठकीत म्हणाल्या, मुलं टेबलं बडवून शिकत असती तर सुताराची पोरं पंडित झाली असती."

गाळणीबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"आणि दुसरं म्हणजे," मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणला, "अ तुकडीच्या बाई त्यांच्या सूनबाई आहेत. सासूची तुकडी जुनी, सुनेची नवी. चिठ्ठीच तशी पडली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नाहीत. शाळेत येतात बरोबर, पण मुकाट. आता सुनेचं नाव होणार म्हटल्यावर सासूच्या पोटात दुखणारच ना?"

कोपऱ्यात संशोधक बसले होते. तरुण माणूस, विद्यापीठाचा, नावापुढे डॉक्टर. शाळेत आल्या दिवशी शिपाईमामांनी त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागितलं होतं. प्रयोगाची सगळी आखणी त्यांची. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"तुमचं काय म्हणणं, डॉक्टर?"

"माझं तर दोन्हीकडून मरण आहे. निकाल सारखा लागला म्हणून पद्धत पडली, आणि आता अ तुकडीचं रेकॉर्डिंगच नाही. मी कशाला चोरीन?"

"मी कुठं म्हटलं तुम्ही चोरलं? चंद्र म्हणजे अ, हे कुणाकुणाला माहीत होतं तेवढं सांगा."

डॉक्टर जरा घुटमळले. "त्याची एक गंमत आहे. वर्षाच्या सुरुवातीलाही अशीच परीक्षा झाली होती. तेव्हा सूर्य म्हणजे अ आणि चंद्र म्हणजे ब होतं. सरांनी ते शिक्षकांच्या बैठकीत सांगून टाकलं."

"उत्साहाच्या भरात," मुख्याध्यापक पुटपुटले.

"म्हणून या वेळी मी उलट केलं. चंद्र अ, सूर्य ब. परीक्षेच्या सकाळी इथेच सांगितलं. सर होते, ब तुकडीच्या बाई होत्या, आणि शिपाईमामा, कारण स्टिकर त्यांनीच चिकटवले. बाहेर कुठे बोलायचं नाही, असंही बजावलं."

"आणि सूनबाई?"

"त्या वर होत्या. दोन्ही तुकड्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. पण एकाच घरातल्या ना. घरी कळलंच असेल."

गाळणीबाईंनी मान डोलावली. त्यांच्या स्वतःच्या घरात, सुनेला सांगायचं नाही असं ठरवलेलं सगळं सुनेला आधी कळायचं. तेव्हा उलटापालट सगळ्यांनाच माहीत, असं त्यांनी धरून टाकलं. पुढे या एका गोष्टीसाठी त्यांनी स्वतःला बराच वेळ बोल लावला.

"शिपाईमामांना पाठवा," त्या म्हणाल्या.

मामा दारातच उभे होते. सगळं ऐकून झालं होतं, हे त्यांनी लपवलंही नाही.

"मी एक सांगू का बाई? रागावू नका." त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाठ केली. "ब तुकडीच्या मोठ्या बाई चोरी करायच्या नाहीत. पण त्यांचे गुडघे मला काही कळत नाहीत."

३

"गुडघ्यांचं काय?" जिना चढताना गाळणीबाईंनी विचारलं.

"वाचनाचा तास आला की धरतात. मग मोठ्या बाई खाली येऊन खुर्चीत बसतात, आणि सूनबाई मधलं दार उघडून दोन्ही वर्ग बघतात. गणिताच्या तासाला कधी दुखले नाहीत. संधिवातालासुद्धा विषय कळतो का हो?"

वर दोन वर्ग शेजारीशेजारी होते, मध्ये एक दार. अ तुकडीत वाचन चाललं होतं. मूल शब्दातल्या एकेका अक्षराला बोटाने बाकावर टक करायचं आणि मग तेच बोट बाकावरून ओढत अख्खा शब्द म्हणायचं. टक, टक, टक, सर्रर. सगळा वर्ग करत असला की पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा आवाज यायचा. पद्धतीचं मोठं शास्त्रीय नाव होतं, पण मुलं तिला टकटक म्हणत.

सूनबाई दाराशी आल्या. तिशीच्या आतली बाई, नेमणूक अनुदानातूनच झालेली. खांद्याला डब्याची कापडी पिशवी होती, वर्गातसुद्धा.

"काय गेलं ते कळलं ना?" गाळणीबाईंनी विचारलं.

"हो. चंद्राचा रेकॉर्डर."

"म्हणजे कोणत्या तुकडीचा?"

सूनबाईंनी पिशवीचा बंद मुठीत धरला. "अ चा, म्हणतात सगळे."

"तुमच्या सासूबाईंचं नाव घेतायत सगळे, तेही कळलं असेल."

"त्यांनी नाही केलं." हे मात्र चटकन आलं. "त्या तसल्या नाहीत. लोकांना वाटतं आमचं भांडण आहे. तसं नाही हो. घरी आम्ही शाळेचा विषय काढत नाही, एवढंच. चिठ्ठी पडली त्या दिवशी आईंनीच ठरवलं. म्हणाल्या, तुझी पद्धत माझ्या कानावर नको आणि माझी तुझ्या. कागदावर सही केली आहे ना, मग पाळायची. आता दुसरं आमच्याकडे बोलायला आहेच काय? म्हणून गप्प असतो."

गाळणीबाई पलीकडे गेल्या. ब तुकडीच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. उंच, ताठ, केस घट्ट बांधलेले. मुलं हाताची घडी घालून बसली होती.

"विचारा काय विचारायचं ते," त्या म्हणाल्या. "पत्र तयार आहे म्हणे माझं."

"आधी एक मूल वाचून दाखवेल का?"

मोठ्या बाईंनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं. मुलीने हाताची घडी घातली आणि धडा वाचला. जोडाक्षरावर क्षणभर थांबली, मग सुरळीत पुढे गेली. तेवढ्यात खाली तिची चप्पल फरशीवर हळूच आपटत होती. चुळबुळ, गाळणीबाईंच्या मनात आलं.

"छान वाचते."

"वर्षभरापूर्वी हिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरासा हलला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मोठ्या बाई गाळणीबाईंबरोबर जिना उतरल्या. तुरुतुरु, कठड्याला हातही न लावता. खाली शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि बसूनच राहिल्या.

"जेवत नाही तुम्ही?"

"डबा सूनबाईकडे. एकच असतो आमचा. आज ती खालीच येत नाही. भूक नाही म्हणे." त्या कोरडं हसल्या. "सासू चोर ठरली की सुनेची भूक मरते, हे मात्र मला माहीत नव्हतं."

तोच डॉक्टर दारात आले. समितीची गाडी फाटकातून आत शिरत होती.

४

गाळणीबाईंनी समितीच्या दोघांना चहा पाजायचं काम मुख्याध्यापकांवर सोपवलं आणि स्वतः कार्यालयात दार लावून बसल्या. चंद्र नव्हता, पण सूर्य तर होता. जे चोरीला गेलं त्याच्यामागे सगळे धावत होते. जे ठेवून दिलं ते कुणी ऐकलंच नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं.

एक मुलगा वाचू लागला. मग एक मुलगी. मग आणखी एक. गाळणीबाईंनी रेकॉर्डर कानाशी नेला, पुन्हा मागे घेतला, पुन्हा ऐकला.

टक, टक, टक, सर्रर.

हे ब तुकडीचं रेकॉर्डिंग होतं. हाताची घडी घालून वाचणाऱ्या तुकडीचं. परीक्षेच्या खोलीत मोठ्या बाई नव्हत्या, कुणाचा धाक नव्हता, म्हणून घड्या सुटल्या होत्या आणि बोटं बाकावर आली होती. मघाशी वर्गात आपटणारी त्या मुलीची चप्पलसुद्धा चुळबुळ नव्हती. ती अक्षरं मोजत होती.

म्हणजे लपवण्यासारखं काही असलंच तर ते सूर्यात होतं, आणि सूर्य तर कपाटातच राहिला होता.

गाळणीबाई उठून खोलीत फेऱ्या मारू लागल्या. आपल्या सुनेचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि त्या मधेच थांबल्या.

"शहाणी ती मी," त्या स्वतःला म्हणाल्या. "सगळ्यांची घरं माझ्याच घरासारखी!"

त्यांनी दार उघडलं. "मामा, सगळ्यांना बोलवा. आणि सूनबाईंना म्हणावं, डब्याची पिशवी घेऊनच या."

५

कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या. समितीचे दोघे बसले, मुख्याध्यापक बसले, डॉक्टर कपाटाला टेकले. सासू एका भिंतीशी, सून समोरच्या. निलंबनाचं पत्र टेबलावर होतं, पेनसकट.

"सगळे विचारतायत, अ तुकडीचा रेकॉर्डर कुणाला नको होता," गाळणीबाई बोलू लागल्या. "मला असा माणूस सापडत नाही. सरांना अनुदान हवंय, डॉक्टरांना पुरावा. आणि मोठ्या बाईंनी तो चोरून काय मिळवलं असतं? गुण तर आधीच सारखे लागलेत. त्यांना फक्त हे पत्र मिळालं असतं. तेव्हा प्रश्नच चुकला. चोराला अ तुकडीचा रेकॉर्डर नकोच होता. त्याला ब चा हवा होता."

त्यांनी सूर्याचं बटण दाबलं. टकटक खोलीभर पसरली. डॉक्टर ताठ झाले.

"हे ब तुकडीत आलं कुठून?"

"ते नंतर. आधी एवढं बघा. समितीने हे ऐकलं असतं तर पहिला आळ कुणावर आला असता? ब तुकडीच्या बाईंवर. कागदावर सही करून अट मोडली म्हणून. त्यांना वाचवायचं असेल तर ब चा रेकॉर्डर जायला हवा. चोराने नेलादेखील. पण त्याच्या लेखी ब म्हणजे चंद्र, कारण वर्षाच्या सुरुवातीला तसंच होतं. उलटापालट त्याला माहीतच नव्हती. सरांना माहीत होती, डॉक्टरांना होती, मोठ्या बाईंना होती, मामांनी तर स्टिकर चिकटवले. राहिलं कोण?"

"पण त्यांना घरी..." डॉक्टर म्हणाले.

"मीही तेच धरून चालले होते. पण या घरात शाळेचा विषय निघत नाही. मोठ्या बाईंना गप्प राहायला सांगितलं, त्या गप्प राहिल्या. स्वतःच्या सुनेपाशीसुद्धा. आपल्यात इतका शब्दाला जागणारा माणूस असेल, असं आपल्यापैकी एकालाही वाटलं नाही. आणि सूनबाई, तुमच्याच तुकडीचा रेकॉर्डर गेला, तर तुम्ही मला म्हणालात, 'अ चा, म्हणतात सगळे.' स्वतःच्या वस्तूबद्दल असं कोण बोलतं? ज्याचा अजून विश्वास बसत नाही, तो."

सूनबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. डब्याच्या खाली, नॅपकिनात गुंडाळलेला, चंद्र निघाला.

"नेल्यावर मन खायला लागलं, म्हणून परत ठेवायला आले होते," त्या म्हणाल्या. "पण तोवर कपाट उघडलं होतं. आणि सगळे म्हणायला लागले, अ चा गेला, सासूने नेला. मला कळेचना, अ चा कसा गेला." त्या पहिल्यांदा सासूकडे वळल्या. "आई, तुम्हाला वाचवायला गेले आणि तुमच्याच गळ्यात अडकवून बसले."

"आणि टकटक?" समितीतल्या एकाने विचारलं.

"ती मीच शिकवली. आईंचे गुडघे दुखायचे तेव्हा दोन्ही वर्ग माझ्याकडे असायचे. ती पोरं दारातून माझ्या वर्गाकडे बघत बसायची. शेवटच्या बाकावरची ती मुलगी एका शब्दाशी झटत होती, रडकुंडीला आली होती. मला बघवलं नाही. एकदा दाखवलं, मग थांबता आलं नाही. आईंना यातलं काहीच माहीत नाही."

मुख्याध्यापकांनी पत्र हळूच स्वतःकडे ओढलं आणि त्यावरचं नाव पेनाने खोडू लागले. खाली कोणतं नाव लिहायचं ते त्यांना आता कळलं होतं.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी वाटच बघत होते," गाळणीबाई म्हणाल्या. "गुडघे कसे आहेत?"

"उत्तम आहेत." मोठ्या बाई भिंतीपासून पुढे आल्या. "भर बैठकीत मी त्या टकटकीची टिंगल केली होती. मग महिन्याभरात भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं. जी पोरं अडखळायची ती धडाधड वाचायला लागली, आणि माझी तिथेच. इतकी वर्षं शिकवतेय मी. मला कळत नसेल का, काय चाललंय ते? पण शिकवावं तर सही केलेली, आणि विचारावं तर तोंड नव्हतं. म्हणून गुडघे धरून खाली येऊन बसायचे. ती मुलांना तसं अडलेलं बघू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. माझीच सून आहे." त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. "शब्द पाळला म्हणून आत्ता माझं कौतुक झालं. तेवढं मागे घ्या. नाव खोडू नका. तिचं लिहायचं तर खाली लिहा."

६

गाळणीबाईंनी अहवालात दोघींची नावं लिहिली, काही न गाळता. रेकॉर्डर परत मिळाला आणि दोघींनी सगळं कबूल केलं, म्हणून समितीने निलंबन टाळून लेखी ताकीद दिली. पण वर्षाची तुलना रद्द झाली. नव्याने चिठ्ठ्या पडेपर्यंत अनुदान थांबणार, आणि त्याबरोबर सूनबाईंचा पगारही. डॉक्टरांनी हे सगळं खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाले, चोरून, अधूनमधून शिकवूनही जर पोरं इतकी वाचतात, तर पद्धत वाईट नसावी, पण हे मला कुठे लिहिता येणार नाही. गाळणीबाईंना त्यांची खरोखर दया आली.

शाळा सुटल्यावर त्या फाटकाशी गाडीची वाट बघत उभ्या होत्या. सासू-सून बाहेर पडल्या. नेहमीसारख्या बरोबर, नेहमीसारख्या मुकाट. फाटक ओलांडून थोडं पुढे गेल्यावर मोठ्या बाई थांबल्या.

"आता तुलना मोडलीच आहे ना?"

"हो आई."

"म्हणजे ती सहीही संपली."

"संपलीच म्हणायची."

"मग सांग. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला तू जोडाक्षर कसं शिकवलंस? मी तिच्यापुढे हात टेकले होते."

सूनबाईंनी आधी डोळे पुसले. मग पिशवीतून डबा काढला. त्यातलं जेवण तसंच होतं. त्यांनी तो रस्त्याकडेच्या कट्ट्यावर ठेवला, सासूचं बोट हातात घेतलं आणि डब्याच्या झाकणावर टेकवलं.

गाडी आली तरी गाळणीबाई थोडा वेळ आत बसल्या नाहीत. टक, टक, ऐकू आलं. मग मोठ्या बाईंचा आवाज, "थांब, पुन्हा दाखव. माझं चुकलं."